वसमतच्या स्टँडवरची कुंची

मी एक कुंची. लेकराच्या डोक्यापासून पाठीपर्यंत येणारं कापड, दुसरं काय! राजकारण मला कळतं असं मी म्हणणार नाही. पण वसमतच्या स्टँडवर झालं ते मी पाहिलंय, आणि आता ते मला गिळवत नाही.

कुरुंद्याच्या जनकाबाईनं मला आपल्या निळ्या लुगड्यातून बेतलं. नात सपना तेव्हा महिन्याची होती. सपनाची आई दीक्षा शाळेत शिकवायची आणि लेकरू शिंकलं तरी घाबरायची. घाबरायला कारणही होतं. तिचा भाऊ धम्मानंद बंदूकवाल्यांत सामील होऊन जंगलात गेला होता, आणि आता त्याला परत यायचं होतं.

म्हणून २००३ साली तातेरावसाहेब घरी येऊ लागले. गुप्तवार्ता खात्याचे, पण गल्लीत विम्याचे एजंट. सपना त्यांची कॉलर ओढायची. आतली धोब्याची खूण, तीन टिंबं आणि रेघ, अगदी माझ्यासमोर यायची.

निशाणी साहेबांनीच ठरवली. बाजारच्या दिवशी दीक्षानं मला सपनाला घालून स्टँडवर बसायचं. कुंची दिसली तर धम्मानंदनं कँटीनमध्ये साहेबांशी बोलणी करायला यायचं; नाही दिसली तर आल्या पावली परत. दोनदा तो आला. आणखी चौघांना हत्यारं टाकायला लावतो म्हणाला. जाताना माझ्यावरून हात फिरवून भाचीला म्हणाला, "मामाला वळखलं का न्हाई गं, ढमे?"

मग एक दिवस साहेब पेढे घेऊन आले. "ताई, नात झाली. सपनासारखी गुटगुटीत होऊ द्या. आठ दिवस कुंची द्या."

धडधाकट लेकराची कुंची नव्या बाळाला मागून न्यायची इकडे रीतच. दीक्षा आत सासूजवळ, जनकाबाईजवळ, येऊन घुटमळली. "आई, ती निशाणीची हाये ना."

"मग येत्या बाजारी जाऊ नको. तान्ह्या लेकराला न्हाई म्हणतेत व्हय?"

"मीच मेली भित्री," म्हणत दीक्षानं मला घडी करून दिलं. भित्री नव्हतीस गं बाई, बराबर होतीस!

नात नव्हतीच. त्या बाजारी मी एका परक्या लेकराच्या डोक्यावर होते. मांडीवर घेणाऱ्या बाईनं तोंडावर पदर ओढलेला. लेकरू रडून मला ओढत होतं. मी सुटले असते तर! पण बंद गच्च बांधलेले. धम्मानंद रस्त्यापलीकडून हसत आला. साध्या कपड्यांतल्या चौघांनी त्याला जीपमध्ये कोंबलं. साहेब कँटीनमध्ये चहा पीत राहिले.

तिसऱ्या दिवशी पेपरात छापलं: जंगलात चकमक, एक ठार. कसलं जंगल? रसाच्या गाड्याजवळून उचललं त्याला! हातात बंदूक नव्हती, खुळखुळा होता.

मी मात्र रीतीप्रमाणे धुऊन, इस्त्री करून परत आले. एका शिपायानं मला दारात ठेवलं आणि तो निघून गेला.

दीक्षानं तक्रार केली. चौकशीत साहेब शपथेवर म्हणाले, "या बाईच्या घरी मी कधी गेलोच नाही." त्या संध्याकाळी दीक्षा मला फाडायला बसली. "या हातानं दिली, आई. मास्तरीण म्हणवते अन् एवढं कळलं न्हाई." शिवण उसवायला मला उलटं केलं आणि तिचा हात थांबला. आत काळ्या शाईत तीन टिंबं, एक रेघ; साहेबांच्या कॉलरमधली, त्यांच्या धोब्याचीच.

चार वर्षं झाली. मी पिशवीत आहे, दीक्षा मला कोर्टाच्या तारखांना नेते, साहेबांना बढती मिळाली. परवा शेजारची पद्माबाई नातवासाठी मला मागायला आली. "देत न्हाई," दीक्षा म्हणाली. आवाज कापला, पण म्हणाली.

मला लेकराचं डोकं हवंय हो. पण कुणी तरी ती खूण बघेपर्यंत एवढं करा, मला धुऊ नका.