कापूर विझला, तरी गाणं संपेना

मी गिटार बोलतेय. आधीच सांगते, माझ्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही. सगळं खापर माझ्या एका तुटक्या तारेवर फोडलं. तार तुटली हे खरं. पण का तुटली, हे विचारायला सवड कुणाला होती?

माझा जन्म कोलकात्याचा. कोल्हापूरला आले सत्त्याण्णव साली. पहिल्या मालकानं कॉलेजात पोरींपुढं मिरवायला घेतलं आणि लग्न ठरताच विकून टाकलं. मग मी सोमशेखरच्या हाती आले.

सोमशेखर, विश्वजित आणि संयोगिता राजारामपुरीतल्या एका ऑफिसात व्हिडिओ गेमला संगीत द्यायची. गेमचं गाणं म्हणजे घाण्याचा बैल, गोल गोल फिरतंय आपलं. खेळणारा मेला की तेही गप्प. त्याला शेवट लागतोय कशाला?

२००६ साली ते ऑफिस बंद पडायला आलं, तेव्हा तिघांनी रॉक बँड काढला. गणपतीत गल्लीतल्या पैलवानांच्या तालमीच्या मांडवात पहिला कार्यक्रम ठरला. सोमशेखरची आई नीलम्मा म्हणाली, "जमलं तर वाजव जन्मभर. न्हाय जमलं तर मामाच्या पेंडीच्या दुकानात बसायचं."

"अव्वा, तू बघच की!"

सराव करताना विश्वजितनं विचारलं, "सोम्या, हे संपवायचं कुठं?"

"स्टेजवर बघू की लेका."

मी त्याच्या मांडीवरच होते. पुढचं सगळं मला तिथंच दिसलं.

कार्यक्रमाची सुरुवात मात्र फक्कड झाली. संयोगिता अशी गायली की पैलवान पोरांनी शिट्ट्या घातल्या. गाणं फिरून पहिल्या जागेवर आलं. परत आलं. परत आलं! संयोगिता विश्वजितकडं बघतेय, विश्वजित सोमशेखरकडं, आणि हा बाबा डोळे मिटून मला बडवतोय.

आरतीची वेळ झाली. तालमीचे अध्यक्ष जोतीराम ताट घेऊन उभे. कापूर पेटवला, विझला. दुसरा पेटवला.

"आरं पोरांनू, थांबतायसा, का आरती विसर्जनालाच करू?"

"ह्यांची चावी कुणाकडं हाय रं?" मागनं कोण तरी ओरडलं. मांडव हसून लोळला.

बाईमाणसानं सोसावं तरी किती? माझी तार ताडकन तुटली, तेव्हा कुठं ते गाणं थांबलं. आणि हा माइकवर म्हणतो, "माफ करा, गिटार खराब निघाली!"

आता संयोगिता पुण्यात, विश्वजित बेंजो पार्टीत, आणि हा दुकानात पेंड तोलतोय. मी कपाटावर, छातीवर पापडाचा डबा. कुणी पावणं विचारतात, तर नीलम्मा सांगते, "ती व्हय? तिच्यापायी बुडालं सगळं."

माझ्यापायी?

लेकरा, तो डबा उतरव. एक तार बदल, त्या दोघांना बोलाव. गळा माझा अजून खणखणीत आहे. पण ह्या खेपेला शेवट घरूनच बसवून जा. आणि तुझ्या अव्वाला एकदा खरं सांगून टाक. तार तुटायच्या आधीच ते गाणं बुडालं होतं, आणि ते बुडवणारा तू, सोमशेखर!