डावीकडची कबर

मावशी बसमध्ये अगदी पुढच्या सीटवर बसली होती आणि सकाळपासून वाटाड्याचं बोलणं अडखळत होतं. एरवी त्याच्या जिभेला हाड नव्हतं. पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या जागा यात्रेकरूंना दाखवायचं काम तो इतकी वर्षं करत होता की झोपेतून उठवून हातात माइक दिला असता, तरी त्याने सगळं घडाघडा सांगितलं असतं. विणकराच्या घरातली लपून प्रार्थना करायची खोली, बाप्तिस्म्याचं दगडी टाकं आणि शेवटी जमिनीखालचं कबरींचं भुयार. विनोदसुद्धा ठरलेले. विणकराच्या घरी भोचक शेजारणीचा, टाक्यापाशी गार पाण्याचा. आज त्याने शेजारणीचा विनोद टाक्यापाशी सांगितला. लोक तरीही हसले. मावशी हसली नाही.

ती त्याच्या आईची धाकटी बहीण. हाडं वाळलेली, पण चिवट बाई. आई जाऊन वर्ष व्हायच्या आत तिने आपल्या चर्चच्या मंडळींबरोबर यात्रेत नाव घातलं आणि फोनवर सांगितलं, "बाळ्या, मला बाकी काही दाखवू नकोस हवं तर. धोबिणीपाशी ने. ताईला शब्द दिलाय मी."

धोबीण म्हणजे रक्तसाक्षी, श्रद्धेपायी जीव दिलेली बाई. तिच्या श्रद्धेच्या लोकांना मारून टाकत, तेव्हा ही त्यांचे रक्ताने माखलेले कपडे रातोरात धुऊन घरच्यांना पोचवायची. कुणीतरी चुगली केली आणि एके दिवशी तिचेच कपडे धुवायची वेळ आली. लोक तिच्या कबरीला रुमाल टेकवतात, भिंतीवर तळवा ठेवतात आणि जे घरी कुणाला सांगता येत नाही ते तिला सांगतात. यात्रेत बाकीचं सगळं लोक बघतात. इथे ते रडतात.

आता खरी गोष्ट अशी की धोबिणीची कबर उजवीकडे होती आणि वाटाड्या लोकांना डावीकडे नेत होता.

भुयाराच्या पायऱ्या उतरल्या की वाट दोन्हीकडे फुटायची. उजवीकडची वाट बुटकी. कमरेतून वाकायचं, एका वेळी एकानेच जायचं, खाली ओल, आणि परत येणाऱ्याला वाट द्यायला जागा नाही. डावीकडे मात्र लगेच ऐसपैस जागा होती. तिथल्या भिंतीत एक बिननावाची कबर होती आणि तिच्या गिलाव्यावर कोणे एके काळी कुणीतरी टोकदार खिळ्याने एक मासा, ख्रिस्ती लोकांची जुनी खूण, ओरखडून काढला होता. वाटाड्या सगळ्यांना त्या माशापुढे उभं करायचा, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचा, "हात ठेवा. घाई नको. तिला कधी घाई नव्हती, आपणही करायची नाही." लोक माशावर बोटं टेकवत. इतकी बोटं लागली होती की मूळचा बारीक ओरखडा आता चांगली खोबण झाला होता.

हे सुरू झालं आईपासून.

तोवर तो लोकांना सरळ उजवीकडे न्यायचा. ज्या दिवशी आईला आणलं, त्या दिवशीही बाकीची मंडळी उजवीकडे जाऊन आली होती. आई काठी टेकत सर्वांत मागून उतरली. जेवणाची वेळ टळून गेली होती, लोक कुरकुरत होते, वर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. वाटाड्याने आईचा दंड धरला आणि तिला डावीकडे वळवलं.

"बाकीचे तर तिकडून आले ना रे?" आईने विचारलं होतं.

"ते नुसते भुयार बघायला गेले होते. कबर हीच."

आईने मान डोलावली आणि माशावर बोट ठेवलं. पोटचा पोर सांगतोय म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं?

तिचे गुडघे वाचावेत म्हणून आपण असं केलं, हे कारण त्याने नंतर शोधून काढलं. त्या क्षणी त्याच्या डोक्यात गुडघे नव्हते, हॉर्न होता. "कबर पुढे आहे आई, तुला जमणार नाही, इथूनच प्रार्थना कर," एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? पण मग ती म्हणाली असती, जमेल मला. आणि बसायचं थांबून. त्यापेक्षा सुंठीवाचून खोकला गेला. पुढच्या फेरीला एक जाडजूड गृहस्थ आले, त्यांनाही डावीकडे. मग एक दम्याच्या बाई. मग सगळ्यांनाच. दारावरच्या राखणदाराला सगळं ठाऊक होतं, पण गर्दी लवकर हटत असेल तर तो कशाला बोलतोय! एकदा सवय जडली की माणसाला आपलं खोटंही खऱ्यासारखं पाठ होतं.

आई होती तोवर हे त्याला फारसं टोचलं नाही. ती गेली आणि टोचायला लागलं. शवपेटीवर माती टाकताना त्याला प्रार्थनेचा एक शब्द आठवेना, आठवत होतं ते तिचं वाकडं बोट. म्हणून मावशीचा फोन आला तेव्हा त्याला जरा बरंच वाटलं. मावशीला आपण खऱ्या कबरीपाशी न्यायचं. आईचं जे राहिलं ते तिच्या बहिणीच्या हातून पुरं होईल. लबाडाला प्रायश्चित्तही लबाडीचंच सुचतं. कुणाला काही सांगायची गरज नाही, असा हा हिशेब होता.

भुयाराच्या आवारात त्याने मंडळींना झाडाखाली चहाला बसवलं आणि मावशीला हळूच म्हणाला, "तू चल आधी. गर्दीत तुला नीट वेळ मिळायचा नाही."

"वशिला?" मावशी म्हणाली, पण खूश झाली. खांद्याची पिशवी तिने छातीशी धरली. "ताईचा रुमाल आणलाय. शेवटी शेवटी उशीखाली असायचा तो."

पायऱ्या उतरून वाटाड्याने मावशीला उजवीकडे घेतलं, आपण बॅटरी धरून पुढे झाला आणि दर दोन पावलांना "डोकं सांभाळ" म्हणत राहिला. मावशीने एकदाही थांबू या म्हटलं नाही. ओलीत तिची चप्पल घसरली तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "ताई या गुडघ्यांनी कशी आली असेल इथून? कमाल आहे बाई तिची."

वाट जिथे संपत होती तिथे जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी खोली होती. समोर धोबिणीची कबर, दगडी फळीने बंद केलेली. फळीवर कोरलेलं कपडे बडवायचं आडवं धोपटणं आणि खाली दोन झिजलेल्या ओळी. मावशीने क्रूसाची खूण केली, मान खाली घातली आणि मग डोळे मिटून फळीवरून हात फिरवू लागली. वरून खाली फिरवला. कडेने फिरवला. मग डोळे उघडले.

"मासा कुठाय?"

"कसला मासा?" वाटाड्याने विचारलं, पण चोराच्या मनात चांदणं. विचारता विचारताच त्याला सगळं कळून चुकलं.

"असं काय करतोस? ताईने सांगितलेला मासा. फोनवर किती वेळा सांगितलंय तिने. बोट माशावर टेकलं गं, नि सगळा शीण गेला. आजारात तर बोट असं वर करून दाखवायची." मावशीने स्वतःचं बोट वर करून दाखवलं. "मला म्हणाली, तूही जा, त्याच माशावर बोट ठेव, म्हणजे आपण दोघी एकदम गेल्यासारखं होईल. मी हो म्हटलं."

"इथे मासा नाही मावशी," वाटाड्या म्हणाला. एवढं तरी खरं होतं.

मावशी त्या फळीकडे बघत राहिली. रुमाल तिने पिशवीतून अर्धा बाहेर काढला होता, तो तसाच पुन्हा आत सारला.

"म्हणजे ती आलीच नाही इथवर," ती शांतपणे म्हणाली. "आता चालून बघितल्यावर कळतंय मला. त्या गुडघ्यांनी येणं शक्यच नाही. वर बसून राहिली असेल, नि आपण गेलो नाही हे सांगायची लाज वाटली असेल. तुला माहितीय ना, तुझी आई जन्मभर प्रत्येक गोष्टीला तिखटमीठ लावून सांगायची. लहानपणापासून मी तिचं निम्मंच खरं धरायची. हे एक मात्र मी अख्खं खरं मानलं होतं रे. मरतानासुद्धा बनवलं तिने मला."

आता वाटाड्याने नुसतं गप्प बसायचं होतं. आई परत येऊन काही सांगणार नव्हती. "जाऊ दे मावशी, म्हातारं माणूस," एवढं म्हटलं की प्रकरण मिटत होतं. तो खरंच तसं म्हणणार होता, शब्द ओठांवर आलेही होते. पण आईने आयुष्यात एकदाच तिखटमीठ न लावता सांगितलेली गोष्ट आपल्यामुळे खोटी ठरतेय, या विचाराने त्याची त्यालाच किळस आली. ते आले तसे वाकून परत निघाले. मावशी पुढे, तो मागे. तिची पाठ त्याला दिसत होती, आणि आईची पाठ हुबेहूब अशीच होती.

पायऱ्यांपाशी मावशी वर चढू लागली, तर त्याने तिला हाक मारली आणि डावीकडे नेलं. त्याने बॅटरीचा उजेड माशावर धरला.

मावशीने मासा पाहिला. जवळ गेली, बोट उचललं आणि खोबणीत ठेवलं. बोट नीट बसलं.

"ही कुणाची कबर?" तिने विचारलं.

"कुणास ठाऊक. नाव नाही."

"आणि ताईला तू इथे आणलंस."

"हो."

"तिने विचारलं नाही?"

"विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, हीच."

मावशीने बोट काढलं नाही. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. शिव्या खायची त्याची तयारी होती, घरच्या माणसाकडून खाल्लेल्या शिव्यांनी थोडं हलकंच वाटतं. पण ती म्हणाली, "आणि मी तिला आत्ता, तिकडे उभी राहून, खोटारडी म्हटलं." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. आपण एकट्या आईला फसवलं होतं, त्याचं आता दोघींना भोगायला लागतंय, हे वाटाड्याला अगदी स्वच्छ कळलं. माफी मागायला तोंड उघडलं, पण ती मागायची कुणाकडे तेच कळेना.

तेवढ्यात पायऱ्यांवरून चपला वाजल्या आणि मागोमाग बाईचा खणखणीत आवाज आला. मैना. हे नाव वाटाड्यानेच ठेवलं होतं, कारण तो जे सांगेल ते ती शब्दन् शब्द उचलायची. काम त्याच्याच हाताखाली शिकली, आता स्वतःची यात्रा न्यायची. तिला या कबरीचं खरं काही ठाऊक नव्हतं. तिला जे शिकवलं गेलं ते ती मनापासून सांगायची, आणि नवऱ्याचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात तिने रोज इथे येऊन माशावर बोट टेकवलं होतं.

तिची मंडळी खाली उतरली. मैनेने सगळ्यांना अर्धगोलात उभं केलं आणि आवाज खाली आणला. "हात ठेवा. घाई नको. तिला कधी घाई नव्हती, आपणही करायची नाही."

आपलंच वाक्य कानांवर येताच वाटाड्याने मान खाली घातली.

घोळक्यातून एक आजोबा पुढे आले. हातात बायकी शाल होती, नीट घडी केलेली. शालीच्या मालकिणीबद्दल कुणी काही विचारायची गरज नव्हती. माशापाशी मावशी उभी आहे असं पाहून ते अदबीने थांबले आणि मैनेला म्हणाले, "हीच ना हो ती?"

"हे आमचे सरच आहेत की इथे," मैना कौतुकाने म्हणाली. "यांच्याकडूनच शिकले मी सगळं. यांनाच विचारा ना."

आजोबांनी वाटाड्याकडे पाहिलं. मैना हसऱ्या चेहऱ्याने पाहत होती. मावशीने मात्र त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून, बोट माशात ठेवून उभी होती, आणि तिचं सगळं लक्ष कानांत होतं. वर कुठल्यातरी बसचा हॉर्न वाजला.

"नाही," वाटाड्या म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्याला पुन्हा सांगावं लागलं. "नाही. ही तिची कबर नाही. ही कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. तिची उजवीकडे आहे, आत. वाकून जावं लागतं."

मैना हसली. हाही सरांचा एखादा ठरलेला विनोद असेल असं तिला वाटलं. मग तिने त्याचा चेहरा नीट पाहिला आणि तिचं हसू हळूहळू उतरलं. मागे कुणीतरी कुजबुजलं, "मग मागच्या वर्षी आमच्या आत्याला काय दाखवलं?"

आजोबांनी शाल काखेत धरली. "वाकेन की," ते म्हणाले. "न वाकायला काय झालं?"

मावशीने माशातून बोट काढलं. पदराने डोळे पुसले, पिशवीत हात घालून रुमाल बाहेर काढला आणि पहिल्यांदाच वाटाड्याकडे वळली. तिच्या नजरेत माफी नव्हती.

"हो पुढे," ती म्हणाली. "ताईचं राहिलंय अजून."

वाटाड्याने बॅटरी उजवीकडे वळवली आणि कमरेतून वाकला. मागून मावशी आली, तिच्यामागून आजोबा, मग एकेक करून बाकीची मंडळी, भिंतीला हात लावत, एकमेकांना सांभाळ म्हणत. मैनेचा आवाज त्यांत नव्हता. बुटक्या वाटेत वळून बघायलाही जागा नव्हती, पण त्याला ठाऊक होतं, ती अजून डावीकडेच माशापुढे उभी आहे.