गोजरबाईनं न उच्चारलेला शब्द

निजामाच्या मोगलाईतल्या धावडा गावात गोजरबाई पायाळू म्हणून माहीत होती. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते, म्हणून पाठीत उसण भरली की लोक तिचा पाय लावून घ्यायला यायचे. तीस वर्षांत तिला एवढं कळलं होतं, की सगळ्या पाठी एकसारख्या दुखत नाहीत. पोतं उचलताना लचक भरली, तर माणसाला पडल्यावर आराम वाटतो. शीर दबली, तर कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरते. मुतखड्याचा माणूस कुशीवर हात दाबून गडाबडा लोळतो. लचकेलाच ती पाय लावायची.

माघात, ज्वारीची काढणी चालू असताना, भुजंग आपल्या बायकोला, द्वारकाबाईला घेऊन आला. सोबत त्याची आई चतुराबाई होती.

"दिवाळीपासून कंबर धरून बसली," चतुराबाई म्हणाली. "काम निघालं की जास्तच दुखती."

"काही उचललं व्हतं का, बाई?" गोजरबाईनं विचारलं.

"न्हाई."

"पायात कळ उतरती?"

"न्हाई. पडलं तरी थांबत न्हाई, मावशी. सांजच्याला अंग कढत व्हतं."

पोरीचे गाल बसले होते. गोजरबाईनं मणक्यांवरून अंगठा फिरवला. कमरेच्या वर एक मणका बाहेर आला होता. तिथं बोट लागताच द्वारकाबाईनं ओठ चावला. गोजरबाईचा थोरला भाऊ असाच गेला होता. हाडाचा क्षय.

तो शब्द तिच्या जिभेवर आला. पण क्षय म्हटलं की सासू हिला उद्या माहेरी धाडणार, लेकरं इथंच राहणार. तिनं चतुराबाईकडं पाहिलं आणि शब्द गिळला.

"मी पाय लावणार न्हाई. हाडाचं दुखणं हाय. जालन्याच्या दवाखान्यात न्या."

महिन्यानं कळलं, द्वारकाबाईचे पाय गेले. गोजरबाई धावत गेली.

"हाडाचं म्हणलीस तू," भुजंग खालच्या आवाजात म्हणाला. "मंग जालन्याला कशाला? भोकरदनकडच्या हाडवैद्याकडं नेलं. त्यानं पाठीवर गुडघा रोवून दाबलं."

तेव्हा तिनं तो शब्द सांगितला. चतुराबाईनं नातवंडांना उचलून शेजारच्या घरात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी द्वारकाबाईचा भाऊ पुंजाराम गाडी घेऊन आला. गोजरबाई न विचारता गाडीत बसली. "माहेरी नंतर. आधी जालना," ती त्याला म्हणाली.

वाटेत द्वारकाबाईनं विचारलं, "मावशी, तुला तव्हाच ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

द्वारकाबाईनं पदर डोळ्यांवर ओढला.

जालन्याला डॉक्टर म्हणाले, "ही पाठ हलवायलाच नको होती. हिला निजवून ठेवलं असतं, तर पाय कदाचित राहिले असते." त्यांनी तिला फळीवर सरळ निजवलं. आषाढात ती गेली. निरोप पुंजारामनं आणला. गोजरबाईनं त्याला पाणी दिलं आणि लेकरांचं काय झालं ते विचारलं. ते त्यालाही माहीत नव्हतं.