केलांतनच्या गोष्टीचा फाटका शेवट

मी एक जुना कथासंग्रह आहे, मित्रांनो. भाषा इंग्रजी, पण मी हाडाचा केलांतनी. केलांतन म्हणजे मलेशियाच्या द्वीपकल्पाच्या ईशान्य टोकाचं राज्य. सगळे मलय सारखेच, असं पुष्कळांना वाटतं. माझ्या लेखिकेला ते मुळीच मान्य नव्हतं. तिची माणसं भातावर बुडू, म्हणजे मुरवलेल्या माशांचा खारट रस घेतात आणि राजधानीत गेली की बोलण्यावरून चिडवली जातात. प्रकाशक म्हणाले, "जरा सर्वसाधारण मलय करा." ती म्हणाली, "मग माझं गाव कुठे ठेवू?"

छापून आलो तेव्हा कौतुक झालं. पुढे मेलबर्नच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं धूळ खात पडलो. करोनामुळे सगळं बंद होण्याच्या आदल्या दिवशी तिथे शिकवणाऱ्या विनिताने मला पॉइंट कुक या उपनगरात घरी नेलं. तिची विद्यार्थिनी निक अझलिना केलांतनची. तिला माझ्यावर प्रबंध लिहायचा होता. घरापासून लांब जायला बंदी, म्हणून विनिता तिला मला झूमवरून वाचून दाखवायची.

तिकडे केलांतनला अझलिनाची आजी अंथरुणाला खिळलेली आणि विमानं बंद, म्हणून अझलिना मेलबर्नमध्येच अडकलेली. विनिताने वाचलेलं अझलिना लगेच दुसऱ्या फोनवर आजीला केलांतनी बोलीत सांगायची. लेखिकेने इंग्रजीत नेलेलं गाव असं परत घरी जायचं. मला फार बरं वाटायचं आणि धास्तीही वाटायची. आजी गोष्ट संपेपर्यंत राहील ना?

विनिताला धास्ती विषाणूची. डाळ-तांदळाला दाखवतात तसं तिने मला बॅकयार्डमध्ये ऊन दाखवायला ठेवलं. तिचा नवरा शैलेंद्र म्हणाला, "अगं, पुस्तक आहे ते, पापड नव्हेत. इथल्या वेदरचा काय भरवसा?"

"दहा मिनिटं रे. मीटिंग संपली की आणते."

मीटिंग लांबली. समुद्राकडून वारा सुटला आणि मागोमाग सर आली. माझी शेवटची पानं एकमेकांना चिकटली. विनिता सोडवायला गेली तशी ती फाटली.

संध्याकाळी अझलिना इंग्रजीत म्हणाली, "मॅम, आजी विचारतेय, कोळ्याची बायको भात वाढून नवऱ्याची वाट बघत बसली. पुढे काय?"

विनिता रडवेली झाली. "सॉरी, चूक माझी आहे. शेवट गेला."

अझलिनाने ते आजीला सांगितलं. आजी हळूहळू बोलू लागली आणि अझलिना आम्हाला सांगू लागली. "आजी म्हणते, त्यात काय एवढं? बाईने भात झाकला. बुडूची वाटी आत ठेवली, नाहीतर मांजर येतं. आणि झोपली. सकाळी जाळं दुरुस्त करायचं होतं."

विनिता मूळची मालवणची. पुण्यात कॉलेजला मुली हसल्या म्हणून तिने घरची बोली गिळून टाकली होती. त्या दिवशी तिने अझलिनाला विचारत विचारत आजीचे केलांतनी शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवले आणि तो कागद माझ्या फाटक्या पानाला चिकटवला.

पुढच्याच आठवड्यात आजी गेली. विमानं तेव्हाही बंदच होती.

आता मी ग्रंथालयाच्या परतीच्या पेटीत, विलगीकरणात आहे. फाटकी पुस्तकं इथून रद्दीत जातात, म्हणून जीव टांगणीला लागलाय. मित्रांनो, मला टाकण्याआधी एकदा शेवटचं पान उघडा. लेखिकेचा शेवट तिथे नाही, पण केलांतनची एक आजी बोलते आहे. तिला रद्दीत देऊ नका.