आपलं नाव मोठ्याने

आमच्या हायकू मंडळात कवितेखाली नाव लिहीत नाहीत. चिठ्ठीवर कविता लिहायची, चिठ्ठ्या पिसायच्या, आणि मग वाट्याला आलेल्या दुसऱ्यांच्या कविता प्रत्येकाने आपल्या अक्षरात कागदावर उतरवायच्या. अक्षरावरून कवी ओळखू येऊ नये म्हणून ही सगळी खटपट. ते कागद मग सगळ्यांत फिरतात, ज्याला जी कविता आवडेल ती तो निवडतो आणि मोठ्याने वाचतो. तेव्हा, आणि फक्त तेव्हाच, ज्याची ती कविता त्याने आपलं नाव पुकारायचं. आडनाव नाही, पाळण्यातलं नाव.

माझं नाव ताझुको. मुद्दाम सांगतेय, कारण ते कुणी घेतच नाही. नवऱ्याने जन्मभर ‘अगं ए’ म्हटलं, मुलगा आई म्हणतो, बाजार टोफूवाली म्हणतो, कारण दिवसभर गार पाण्यात हात घालून मी सोयाबीनचं पनीर विकायची. मंडळात इतकी वर्षं येऊन माझ्या कवितेला कुणी कुत्रं विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी नवरा गेला, दुकान बंद झालं, आणि येत्या रविवारी मुलगा मला नागोयाला नेणार होता. म्हणजे माझी ही शेवटची बैठक. जाण्याआधी एकदा तरी त्या खोलीत मला ‘ताझुको’ म्हणायचं होतं. सकाळी देवळात नाणं टाकून तेवढंच मागून आले. हसायचं तर हसा.

मला मंडळात आणलं ते शेजारच्या मासळीवाल्या इवाबुचीसाननी. टोफू बांधायच्या कागदावर मी काहीबाही खरडायची. तसला एक कागद त्यांच्या घरी गेला आणि ते तडक परत आले.

“हे तुम्ही लिहिलंत? मग टोफूला कशाला गुंडाळता? माणसांना दाखवा की!”

“छे हो, लोक हसतील.”

“हसू देत! मासळी झाकून ठेवली तर खपते का? नासते. नाव काय तुमचं?”

नाव विचारणारा तो पहिला माणूस. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून त्यांनी मला बोटांवर हायकूच्या ओळींची पाच-सात-पाच अक्षरं मोजायला शिकवलं. जमलं नाही की म्हणायचे, “बाई, बोटं वाढवू नका, शब्द कमी करा.” आता त्यांचंही दुकान बंद आहे, आणि डोकं ठिकाणावर नसतं. सून आणून बसवते, बैठक संपली की घेऊन जाते.

त्या दिवशीची माझी कविता अशी होती:

बंद दुकान
पाणी नसतानाही
हात गारठे

माझी चिठ्ठी नेमकी त्यांच्याच वाट्याला गेली. जीभ दातांत धरून ते एकेक अक्षर उतरवत होते. मला बरं वाटलं.

वाचन सुरू झालं. पोस्टातल्या मोरिताबाईंनी पहिलीच कविता वाचली ती माझी! माझा विश्वासच बसेना. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला, “सेइकिची!”

इवाबुचीसाननी आपलं नाव पुकारलं होतं. मोरिताबाईंच्या हातातला कागद इवाबुचीसानच्या अक्षरातला. आपण दुसऱ्याची कविता उतरवली हे विसरून गेले होते, आणि अक्षर आपलं म्हणजे कविता आपली, असं धरून चालले. बर्फाच्या पाण्यात जन्म काढलेला माणूस तो. कोण कशाला शंका घेईल?

“वा, इवाबुचीसान! किती दिवसांनी!” टाळ्या पडल्या.

थोड्या वेळाने आणखी एकाने तीच वाचली. “सेइकिची!” या वेळी मान ताठ, आवाज खणखणीत. मेल्या, माझी आहे ती, माझी! मनातल्या मनात मी त्या देवमाणसाला अशा शिव्या घातल्या की बाजारातसुद्धा कुणी घालणार नाही.

शेवटी मंडळ चालवणाऱ्या हिरोओका गुरुजींची निवड. ते म्हणाले, “आजची सगळ्यांत चांगली,” आणि वाचलं, “बंद दुकान...”

आता नाही तर कधीच नाही. मी अक्षरशः किंचाळले, “ताझुको!”

त्याच क्षणी तिकडून, “सेइकिची!”

गुरुजींनी मूळ चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला हात घातला. चिठ्ठी माझ्या अक्षरातली. क्षणात निकाल लागणार होता. इवाबुचीसान माझ्याकडे वळले. रागावले नव्हते, उलट समजुतीने बोलले.

“बाई, नवीन दिसता. दुसऱ्याची कविता आपली म्हणू नये हो. वेडीवाकडी का होईना, स्वतःची करावी. नाव काय म्हणालात?”

मला ते परत सांगता येईना.

गुरुजींना चिठ्ठी सापडली. त्यांनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको. दया आली म्हणून नव्हे. राग अजून धुमसत होता. पण मी कोण हे ज्या एका माणसाने विचारलं होतं, त्याच्याच लेखी आता मी कुणी नव्हते. चिठ्ठी दाखवून मी कुणाला काय पटवणार होते?

गुरुजींनी चिठ्ठी पालथी ठेवली.

“चुकलं माझं,” मी म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर इवाबुचीसानसाठी टाळ्या वाजवल्या.