डाव्या खांद्याची गादी

फॅशनच्या कॉलेजात मला सगळे मास्तर म्हणतात, पण मी शिकवत नाही. कटिंगच्या खोलीत मदतनीस आहे. चाळीस वर्षं दुकानात माणसांचे कपडे बेतले आणि आता उतारवयात पोरांच्या नसत्या उठाठेवी बघतोय. एक जण बाही कमरेला लावतो, दुसरी कापडाला भोकं पाडून त्यातून माणूस आरपार काढते. याला प्रयोग म्हणायचं. सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. मग एका पोरीने अख्ख्या कापडाला फक्त तीन चिरा देऊन कोट उभा केला, तेव्हापासून मी तोंड जरा आवरून असतो.

खरं सांगायचं तर मी इथे पोरांसाठी येतच नाही. बायको जाऊन दोन वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरी दोन खोल्या आणि एक मशीन, बोलायचं तर भिंतींशी. इथे निदान कुणीतरी विचारतं, मास्तर, मोठी कात्री कुठे ठेवलीत?

यंदाच्या वर्गात एक मुलगी होती, तिला मी घुमी म्हणायचो. तोंडातून अक्षर काढेल तर शपथ. पण हात असे, की बघत राहावं. परीक्षेसाठी तिने जाड मांजरपाटाच्या एकाच तुकड्याचा मोठा पोकळ आकार करायला घेतला होता. तो डाव्या खांद्यावरून निघायचा, पाठीवरून वळसा घ्यायचा आणि उजव्या कमरेला येऊन टेकायचा. आत तार नाही, पुठ्ठा नाही, नुसत्या घड्या आणि शिवण. कागदावर आधी काही आखलेलं नव्हतं. पुतळ्यावर कापड टाकायचं, टाचायचं, कापायचं, नाही जमलं की पुन्हा टाचायचं. सगळा भार डाव्या खांद्यावर. मागच्या वर्षी ती नापास झाली होती आणि यंदाही नापास झाली तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं.

कपडा परीक्षेत जिवंत मुलीच्या अंगावर दाखवायचा असतो. घुमीच्या वाट्याला आलेला पुतळा त्या मुलीपेक्षा बारीक होता, म्हणून मी त्याच्यावर कापूस आणि कापडाच्या पट्ट्या चढवून तो तिच्या मापाचा केला. छाती, कंबर, पाठ, सगळं टेपला तंतोतंत. खांद्याच्या उताराचा आकडा मापांच्या यादीत नसतो, तो हाताच्या अंदाजाने बसवायचा. मी बांधलेला पुतळा पुन्हा कुणी मोजत नाही, एवढा माझा दरारा आहे.

परीक्षेला चार दिवस असताना सगळ्यांचं फिटिंग झालं. घुमीचा कपडा त्या मुलीच्या अंगावर चढवला आणि बघता बघता आकार मानेकडे सरकला, घड्या उलगडल्या, सगळं ओल्या पोत्यासारखं पाठीवर आलं. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत उभा राहिला तर ठीक, नाहीतर माझ्या हातात काही नाही. आणि मी काय करावं? चारचौघांत पोरीला झापलं. म्हटलं, घाईत बेतलं की असंच होतं, कापड कुणाची भीड ठेवत नाही. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

सगळे जेवायला गेल्यावर ती टेप घेऊन माझ्याकडे आली.

"मास्तर, पुतळ्याचा डावा खांदा पाऊण इंच उतरलाय. उजवा बरोबर आहे."

"मग हे बाईंसमोर का नाही बोललीस?"

"त्या तुम्हाला बोलल्या असत्या."

माझं डोकंच फिरलं. कालची पोर मला खांदे शिकवणार! तिला दाखवून द्यायला मी पुतळ्याच्या खांद्यावर पंजा ठेवला आणि हात तिथेच राहिला. तो खांदा माझ्या ओळखीचा होता.

बायको लहानपणी जिन्यावरून पडली होती, हाड वाकडं सांधलं गेलं आणि डावा खांदा कायमचा उतरला. लग्नानंतर तिचा पहिला कोट बेतला तेव्हाच मी आतून डाव्या बाजूला कापसाची गादी घातली. पुढे चौतीस वर्षं तिच्या प्रत्येक कपड्यात घातली. तिची आई गेल्यावर हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. ती गेली आणि मी एकटा उरलो. डोकं विसरायला बघत होतं, पण हातांनी त्या पोरीसाठी पुतळा बांधताना बायकोचाच खांदा बांधला.

मला भडभडून आलं. पोरीसमोर आलं, त्याची लाजही वाटली नाही. सगळं सांगून टाकलं. तिने नुसतं स्टूल ओढून माझ्यामागे ठेवलं.

खोटं कशाला बोलू, तो पुतळा तसाच राहावा असं मला वाटत होतं. घडीभर मनात आलं, की हिला दुसरा पुतळा बघ म्हणावं. पण दुसरा पुतळा मोकळा नव्हता आणि पोरीचं वर्ष माझ्यामुळे बुडत होतं. बाईंना जाऊन सांगितलं, चूक तिची नाही, माझी आहे. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मास्तर, तरी शुक्रवार तो शुक्रवारच.

घरी जाऊन कपाट उघडलं. बायकोचा शेवटचा कोट काढला आणि अस्तराची शिवण उसवली. तिचं काहीही उसवायची माझी ही पहिलीच वेळ. गादी अजून घट्ट होती, कुठे दबली नव्हती. मोजली तर बरोबर पाऊण इंच.

सकाळी ती गादी पुतळ्याच्या डाव्या खांद्यावर बसवली, वरून कापड ओढून टाके घातले. दोन्ही खांदे एका रेषेत आले. घुमीने सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून टाचायला घेतलं. तीन दिवस ती वाकून काम करत होती आणि मी सुयांत दोरे ओवून देत होतो. शुक्रवारी आकार त्या मुलीच्या खांद्यावर उभा राहिला. ती चालली, वळली, तरी हलला नाही. बाई तिच्याभोवती दोनदा फिरल्या आणि पास म्हणाल्या.

परीक्षा झाली की पुतळ्यांवरचा कापूस उतरवून ठेवायचा असतो. मी ते काम टाळत होतो. एका दुपारी घुमी आपणहून आली. तिने आधी वरचे टाके कापले, गादी अलगद काढून माझ्या हातात दिली. खाली तो उतरता खांदा पुन्हा दिसला. बाकीच्या कापसाला हात लावण्याआधी तिने त्याच्यावर तळवा ठेवला.

"काकूंची पर्स या खांद्यावरून घसरायची का हो?"

दोन वर्षांत तिच्याबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं.

"घसरायची," मी म्हटलं. "दर दहा पावलांना."