भागिले आठ, भागिले सहा

सोलपो बंदरातल्या मांदेलीच्या वखारीत त्या दिवशी मांदेली सोडून सगळं होतं. मासळी बाहेर उन्हात पसरलेली होती आणि तिच्याकडे लक्ष द्यायला फक्त मांजरं उरली होती. ती मन लावून लक्ष देत होती. अख्खं गाव आत, टेबलाभोवती.

टेबलामागे डॉक्टर बांग. पांढरा डगला, गळ्यात सेकंद मोजणारं घड्याळ, मागे भिंतीवर चौकटीतलं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र जर्मन भाषेत होतं, त्यामुळे ते खोटं असण्याचा प्रश्नच नव्हता.

"बुद्धी म्हणजे काय?" डॉक्टरांनी गर्दीला विचारलं. "पंडितांना विचारा. एक म्हणतो, ती एकच शक्ती. दुसरा म्हणतो, एक नाही, सात. बसलेत भांडत! मी भांडत नाही. ती काय आहे हे मला ठाऊक नाही, पण किती आहे ते अर्ध्या तासात सांगतो."

टाळ्या पडल्या. मागे उभ्या असलेल्या मो गुरुजींना वाटलं, काय मोजतोय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचं माप बरोबर आहे हे ओळखायचं कसं? पण जाळीवाल्या शेठनी स्वतःचं टेबल दिलेलं होतं, आणि शेठच्या टेबलाला प्रश्न विचारायची सोलपोत पद्धत नव्हती.

पहिली मोजणी तीन आठवड्यांपूर्वी झाली होती. पहिलीची सगळी पोरं एकेक करून स्टुलावर बसली. ठोकळे रचा, आकडे ऐकून परत म्हणा, चित्रातल्या माणसाचं काय राहिलंय ते सांगा. कामं अस्सल होती. शिक्षक-विद्यालयात असताना गुरुजींनी अशीच शिकली होती. ठोकळ्यांत खोट असती तर ती पहिल्याच दिवशी सापडली असती. शेवटी डॉक्टर घरच्या म्हाताऱ्या माणसाला मायेने विचारत, "वय किती लेकराचं?" आणि पाटीवर एक आकडा लिहीत.

माल-सुकचा आकडा आला पंचाहत्तर. तिची आजी हरखली. "शंभरात पंचाहत्तर! तिच्या बापाला जन्मात पस्तीस पडले नव्हते!"

"आजी, हे परीक्षेचे गुण नव्हेत," डॉक्टर म्हणाले. "शंभर म्हणजे साधारण मूल. पंचाहत्तर म्हणजे..." पुढे त्यांनी नुसता उसासा टाकला. उसासा फार शिकलेला होता.

शेठच्या नातवाचा, चांग-ग्यूचा आकडाही पंचाहत्तरच आला. मात्र त्याच्यासाठी उपाय होता: जिनसेंग, हरणाचं शिंग आणि डॉक्टरांच्या घराण्यातलं एक गुपित घालून केलेला काढा. पोरांच्या आयांनी पुड्या नेल्या. ज्यांना परवडत नव्हत्या, त्यांनी उसासा नेला.

माल-सुकच्या आजीने तो उसासा घरी नेऊन त्याचा अर्थ लावला. पोर मंद आहे, तर शाळेत बाक झिजवून काय उपयोग? बुसानला आत्याकडे पाठवावी, तिचं तान्हं सांभाळेल, दोन वेळ जेवेल. बोटीत जागा मिळाली ती चौथ्या शनिवारची.

"आजी, पोर हुशार आहे," गुरुजींनी घरी जाऊन सांगून पाहिलं.

"तुम्ही म्हणता. त्यांनी मोजलंय," आजी म्हणाली आणि जवाच्या भातावर आंबवलेल्या कोबीची किमची वाढून त्यांच्यापुढे सरकवली. "जेवा. तुम्हीही वाळलात."

आणि आज दुसरी मोजणी. चांग-ग्यू स्टुलावर चढला. ठोकळे, आकडे, चित्र. डॉक्टरांनी त्याचा जन्मदिवस विचारला, पेन्सिल चालवली आणि पाटी उंच धरली: शंभर!

वखार दणाणली. शेठचे डोळे भरून आले. एकामागून एक काढा घेतलेली पोरं बसली आणि प्रत्येकाचा आकडा चढला. गुरुजी गर्दीतून वाट काढत बाहेर आले. मांजरांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

दारामागून माल-सुक बाहेर आली.

"गुरुजी, काढ्याने माणूस लहान होतं का?"

"म्हणजे?"

"मागच्या वेळी चांग-ग्यू आठ वर्षांचा होता. त्याची आजी म्हणाली, आठ. आज डॉक्टर बोटं मोजून म्हणाले, सहा. सगळीच पोरं लहान झाली." तिने थोडा विचार केला. "आजीसाठी मागू का थोडा? तिचे गुडघे दुखतात."

गुरुजींनी स्वतःच्या बोटांवर हिशेब केला: आठ, सहा. दर वर्षी नाव घालायला येणाऱ्या आया घरचं वय सांगत आणि ते मनातल्या मनात शाळेचं वय काढत. जन्मताच मूल एक वर्षाचं धरायचं, आणि नवं वर्ष लागलं की सगळ्यांचं वय एकाने वाढवायचं, ही घरची रीत. डिसेंबरात जन्मलेलं मूल थोड्याच दिवसांत दोन वर्षांचं होतं आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. शाळेत मात्र पुरे झालेले वाढदिवस मोजायचे. दोन्ही वयं खरी. हिशेब इतका अंगवळणी पडला होता की डोळ्यांदेखत झालेली अदलाबदल त्यांना दिसलीच नव्हती.

"चल," ते म्हणाले. "तुझी मोजणी राहिलीय."

माल-सुकला स्टुलावर पाहून डॉक्टरांचा चेहरा फुलला. "वा! काढा नेमाने घेतला ना?"

"ते तुमच्या मोजणीत दिसेलच की," गुरुजी म्हणाले.

मोजणी झाली. "जन्म केव्हाचा?"

"डिसेंबरातला," आजीने तारीख, वर्ष सांगितलं.

पाटी वर गेली. शंभर! टाळ्या सुरू झाल्या, पण आजी ओरडली, "अहो, पण हिने काढ्याचा थेंब घेतला नाही!"

टाळ्या मधेच थांबल्या. डॉक्टर थांबले नाहीत. "वास, आजी! तीन आठवडे गावात घरोघरी काढा उकळतोय. नुसत्या वासाने गुण येतो, एवढा जहाल आहे."

"वासाने येतो तर पुड्या कशाला विकल्यास रे, मेल्या?" आजी म्हणाली.

गुरुजींनी खडू घेतला आणि वखारीच्या दारावर लिहिलं. "हे बघा. माल-सुकने दोन्ही वेळा जेवढी कामं केली, तेवढी साधारण सहा वर्षांचं मूल करतं. त्या सहाला वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. रीत यांची नाही, जुनीच आहे. पहिल्यांदा यांनी घरचं वय घेतलं. सहा भागिले आठ: पंचाहत्तर. आज शाळेचं वय घेतलं. सहा भागिले सहा: शंभर. पोरं होती तिथेच आहेत. खालचा आकडा हलला."

"दोन्ही वयं खरी आहेत!" डॉक्टर म्हणाले.

"आहेत. म्हणून तर कुणाला संशय आला नाही. पण कुठल्या वयाचं मूल कुठली कामं करतं याचं जे कोष्टक आहे, त्यातलं मूल वाढदिवस मोजून सहाचं. मग आमची पोरंही तशीच मोजायला हवीत."

शेठ दाराजवळ गेले. आयुष्य मासळी तोलण्यात गेलं होतं. त्यांनी भागाकार दोनदा वाचला. "म्हणजे काटा तोच, वजनं बदलली," ते हळूच म्हणाले आणि आपल्या टेबलावरचं प्रमाणपत्रवाल्याचं सामान स्वतःच्या हाताने खाली ठेवू लागले.

"मग माझ्या नातवाला काढ्याने काय झालं?" मागून एका आजीने विचारलं.

"जुलाब," तिच्या सुनेने सांगितलं.

"म्हणजे मोजणीच खोटी?" माल-सुकच्या आजीने विचारलं.

"मोजणी खोटी नाही, आजी. कुठलं मूल अडतंय, त्याला जास्त कुठे शिकवायचं, हे कळावं म्हणून ती निघाली. आता तर शहाणी माणसं भागाकारही सोडून एका वयाची मुलं एकमेकांशी ताडून बघतात. तरी बुद्धी एक की अनेक, हे भांडण मिटलेलं नाही, आणि ते नीट चाललंय तेच बरं. ताप मोजायची नळी चांगलीच असते. पण ती बघून कुणी लेकराला घराबाहेर काढत नाही."

"मग हिची बुद्धी आहे तरी किती?"

"सहा वर्षांच्या मुलीला असावी तेवढी. आणि अख्खं गाव टाळ्या पिटत होतं तेव्हा पोरं लहान कशी झाली, हे हिने एकटीने विचारलं. ते मोजायचे ठोकळे अजून निघालेले नाहीत."

आजी उठून दाराजवळ गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. खालचा आठ आणि खालचा सहा मात्र वेगळे आहेत, एवढं कुणालाही दिसत होतं. घरी जाऊन तिने बुसानसाठी बांधलेलं बोचकं सोडलं.

शनिवारच्या बोटीत माल-सुकची जागा रिकामी गेली नाही. तिथे डॉक्टर बांग बसले, मांडीवर ठोकळ्यांची पेटी घेऊन. निरोपाला कुणी आलं नव्हतं, मांजरंसुद्धा नाहीत.

सोलपोत काय चमत्कार घडला होता? सहा वर्षांचं मूल सहा वर्षांचं निघालं, बस्स. तुमच्या लेकराच्या कपाळावर कुणी आकडा चिकटवायला आला, तर हात जोडू नका आणि रडूही नका. आकडा सरळ हातात घ्या आणि विचारा: कशाला कशाने भागलंत?